आफ्रिकेतल्या प्रेमाच्या लोककथा लोकांसमोर कशा सांगायच्या (पीपीटी घरीच ठेवा)

पहिली गोष्ट, हॉलमधले दिवे बंद करू नका. मी केले होते. नैरोबीत आम्हा मराठी लोकांचं फेब्रुवारीत एक गेट-टुगेदर होतं, विषय 'प्रेम', सगळे गाणी म्हणणार होते म्हणून मी म्हटलं आपण इथल्याच मातीतली एखादी प्रेमकथा सांगू, आणि केलं काय तर झकास पीपीटी बनवली, मागे सूर्यास्त, ती छत्रीसारखी बाभळीची झाडं, एक सिंह, पुढे स्पॉटलाइटमध्ये मी, आणि वीस मिनिटं पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या, का नाही पडणार, नंतर जेवण होतं. माझ्यासोबत ऑफिसातली एक मैत्रीण आली होती, पश्चिम केनियातल्या किसुमूकडची, लुओ जमातीची, तिला मराठीचा एक शब्द कळत नाही. परत येताना गाडीत ती म्हणाली, सगळं छान होतं गं, पण तुझी माणसं अशी गप्प का बसली होती, कुणी वारलंय का? आणि त्या गोष्टीत सिंह कुठून आला? गोष्ट मासे पकडणाऱ्या कोळ्याची होती.

तर त्यानंतर गेली काही वर्षं तिच्याकडून आणि तिच्या गावाकडच्या बायकांकडून जे शिकले आणि पाच-सहा वेळा लोकांसमोर करून बघितलं, त्यातलं कामाचं तेवढं इथे टाकते. दोघी-तिघींनी विचारलंय की आम्हालाही करायचंय, कसं करतेस, म्हणून एकदाच लिहिते.

मुळात हे भाषण नाही, एकपात्री पण नाही. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना 'हूं' म्हणायला लावायची ना, हुंकारा थांबला की गोष्ट थांबली, ते डोक्यात ठेवा आणि त्याच्या दसपट करा. लोक मधे बोलतात, गाणं उचलतात, पात्राला शिव्या घालतात, म्हाताऱ्या बायका 'असं नव्हतं ते' म्हणून सांगणाऱ्याला दुरुस्त करतात. घानातल्या अकान लोकांत अनान्सी कोळ्याच्या (मासे पकडणारा नव्हे, जाळं विणणारा) गोष्टी सांगतात तिथे तर रीतच आहे, ऐकणाऱ्यातला कुणीही सांगणाऱ्याला थांबवून गाणं सुरू करतो, त्या गाण्याला म्बोगुओ म्हणतात, आणि सांगणाऱ्याने ते गाणं होऊ द्यायचं. त्यामुळे तुमची तयारी निम्मी स्वतःची आणि निम्मी ऑडियन्सची असते, आणि ऑडियन्स जर दिसतच नसेल तर काय डोंबल करणार, म्हणून दिवे चालू.

आता गोष्ट निवडताना. 'आफ्रिकन लोककथा' असं पोस्टरवर लिहाल तर लिहा पण स्टेजवर उभं राहून म्हणू नका. ५४ देश आहेत, भाषा दोन हजारांच्या आसपास. कोणी आपल्याला 'ही एक आशियाई गोष्ट' म्हणून सावित्री सांगितली तर कसं वाटेल. ही लुओ लोकांची, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची, ही नायजेरियातल्या कालाबारच्या एफिक लोकांची, असं एका वाक्यात सांगा, आणि जिच्याकडून ऐकली तिलाही क्रेडिट द्या. मी सांगते, 'ही मला माझ्या मैत्रिणीच्या आजीकडून आली.' त्याने गोष्टीला एक घर मिळतं.

आणि प्रेमकथा म्हणजे काय तेही आधी समजून घ्या, कारण चौदा फेब्रुवारीचं डोकं घेऊन शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. तू माझी मी तुझा असलं फार कमी. इथे प्रेम म्हणजे बहुतेक वेळा लग्न, कुणाशी करायचं, कुणाला नाकारलं, किती गायी दिल्या (मुलाकडचे मुलीकडे देतात बरं का, आपल्या उलट), सवतीचा जळफळाट, नवऱ्याने दिलेला शब्द आणि मोडलेला शब्द. मला तर हेच जास्त खरं वाटतं, पण ते असो.

सुरुवात. इथे गोष्ट 'एकदा काय झालं' म्हणून धाडकन सुरू होत नाही, आधी परवानगी घेतात. स्वाहिलीत, म्हणजे इथल्या पूर्व आफ्रिकेच्या भाषेत, सांगणारा ओरडतो 'पाउक्वा!' आणि सगळे ओरडतात 'पाकावा!' किंवा 'हादिथी, हादिथी!' म्हटलं की लोक 'हादिथी न्जो' म्हणतात, म्हणजे गोष्टी ये. मग 'हापो झामानी झा काले', फार फार पूर्वी, म्हणजे आपलं आटपाट नगर. पश्चिम आफ्रिकेतल्या हाउसा लोकांत सांगणारा म्हणतो 'गा ता, गा ता नान', ही बघा आली, आणि लोक म्हणतात 'ता झो मू जी ता', येऊ दे, ऐकू दे. अकान लोकांची तर मला फार आवडते, आम्ही जे सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही हो, नाही हो, असं आधीच सांगून टाकतात, मग वाट्टेल ते सांगायला मोकळे.

हे ऑडियन्सला शिकवायला पाच मिनिटं काढा आणि ती पाच मिनिटं कार्यक्रमातच धरा. पहिल्यांदा तुम्ही 'पाउक्वा' म्हणाल तेव्हा मराठी ऑडियन्स काय करेल सांगते, पुढच्या रांगेतली दोन पोरं ओरडतील आणि बाकीचे एकमेकांकडे बघून हसतील. थांबा. पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा मी सरळ सांगते की आवाज नाही आला तर गोष्ट येणार नाही, बसा मग असेच, आणि खरंच पाणी पिते, शांतपणे, घोट घोट. तेव्हा कुठे मागून काका लोकांचा आवाज येतो. एकदा सुटले की मग त्यांना आवरावं लागतं. गोष्ट ज्या लोकांची त्यांचीच हाक वापरा, कालाबारच्या गोष्टीला स्वाहिली हाक लावू नका. माहीत नसेल तर मराठीत करा, 'गोष्ट सांगू का' 'सांग की', बिनधास्त चालतं, खोटं आफ्रिकन करण्यापेक्षा बरं.

झुलूत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या भाषेत, करायची असेल तर एक गंमत. तिथे गोष्ट संपताना 'कोसी कोसी इयाफेला' म्हणतात, पण तो पहिला 'क' आपला क नाही, क्लिक आहे. लोकांना वाटतं क्लिक म्हणजे काहीतरी अवघड, पण आपण वाईट वाटल्यावर 'च्च च्च' करतो ना, जीभ दातामागे लावून, तोच तो आवाज. हे सांगितलं की अख्खा हॉल च्च च्च करायला लागतो. झुलू लोकांत असंही म्हणतात की दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली तर डोक्याला शिंगं फुटतात, त्यामुळे कार्यक्रम शक्यतो संध्याकाळी ठेवा, आणि दुपारी ठेवावा लागला तर हे सांगून आधी स्वतःचं डोकं चाचपून बघा, पहिला हशा फुकट मिळतो.

आता तीन गोष्टी घेऊन सांगते कशा करते ते. पाऊण तासात तीन पुरतात, चौथी नको.

पहिली हसवणारी ठेवा. कालाबारची आफियोंग. सुंदर पोरगी, येईल त्याला नकार, आईबाप हैराण. तिची कीर्ती पार भुतांच्या मुलखात जाते आणि तिथली एक कवटी, नुसती कवटी, ठरवते की हिच्याशी लग्न करायचं. मग ती कवटी मित्रांकडून एक एक अवयव उसने घेते, सगळ्यात चांगलं धड याचं, हात त्याचे, पाय अजून कुणाचे, आणि एकदम हिरो बनून बाजारात येते. पोरगी खल्लास. आईबाप नको नको म्हणताना लग्न होतं, आणि सासरी जायच्या वाटेवर एक एक जण येऊन आपलं आपलं परत मागायला लागतो.

इथे ऑडियन्सला काम द्या. मी आधीच पाच जणांना अवयव वाटून ठेवते, चिठ्ठ्या नाहीत, सरळ बोट दाखवून, काका तुम्ही पाय, ताई तुम्ही हात. आणि एक ओळ सगळ्यांना, मी म्हणते 'पाव्हणं, हात कुणाचे?' सगळे म्हणतात 'उसने!' 'पाव्हणं, पाय कुणाचे?' 'उसने!' पहिल्या भागात हे नुसतं गाणं वाटतं, हसत हसत म्हणतात, आणि वाटेवर जेव्हा खरोखर पाय परत मागायला माणूस उभा राहतो तेव्हा तेच 'उसने' जरा वेगळं निघतं तोंडातून, ते तुम्हाला सांगावं लागत नाही. आवाज मात्र तुम्ही खाली खाली आणा. पाय गेले की खाली बसा, हात गेले की हात पाठीमागे बांधा, शेवटी फक्त चेहरा हलू द्या. यापलीकडे ॲक्टिंग नको.

पुढचा भाग लोक गाळतात, तो गाळू नका. सासू आहे, म्हातारी, सरपटत चालणारी, आफियोंग तिला पाणी आणून देते, लाकडं आणून देते, आणि तीच सासू तिला वाचवते. जाळं विणणाऱ्या कोळ्याला बोलावून तिची वेणी घालते (कोळी तिथला फेमस हेअरड्रेसर, हे मी बनवलेलं नाही, गोष्टीतच आहे), मग वारा बोलावते. आधी वादळ येतं, विजा बिजा घेऊन, त्याला परत पाठवते, तुझं काम नाही. मग मंद झुळूक येते, तिच्यावर बसून पोरगी माहेरी. मराठी ऑडियन्समधल्या बायकांना अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त ही सासू आवडते, दर वेळी. मुलीने शेवटी वडिलांच्या मित्राशी लग्न केलं असा शेवट आहे, त्यावर कुजबुज होते, होऊ द्या. आपल्याला पटत नाही म्हणून शेवट बदलायचा नाही असं माझं मत आहे, तुम्हाला हवं तर नंतर चहाच्या वेळी भांडा.

दुसरी गोष्ट, जिचं मी पहिल्यांदा वाटोळं केलं होतं ती. न्यामगोंधो वुओद ओम्बारे, म्हणजे ओम्बारेचा मुलगा न्यामगोंधो. केनियात होमा बे काउंटीत ग्वासीच्या बाजूला न्यांदिवा म्हणून गाव आहे सरोवराकाठी, तिथली ही गोष्ट. सरोवर म्हणजे आपण ज्याला व्हिक्टोरिया म्हणतो ते, लुओ लोक नाम लोल्वे म्हणतात. हा गरीब कोळी, एक दिवस जाळं जड लागतं, ओढून बघतो तर आत बाई. सांगणाऱ्यागणिक तिचं रूप बदलतं, कुणी म्हातारी म्हणतं कुणी कुरूप, सुंदर जलपरी मात्र करू नका, सगळं बिघडतं. ती म्हणते मला घरी ने. नेतो. आणि त्या दिवसापासून दारात गायी, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, घर भरून वाहतं. मग पैसा येतो तसं डोकं फिरतं, दारू येते, आणि एका रात्री उशिरा पिऊन आलेला असतो, फाटक उघडत नाही, तेव्हा तो ओरडतो की तुला मी पाण्यातून उचलून आणलं, तू कोण मला अडवणारी. ती काही बोलत नाही. उठते आणि सरोवराकडे चालायला लागते आणि मागून गायी, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, सगळं निघतं, एका रांगेत, पाण्यात. हा काठावर काठीला टेकून बघत उभा राहतो तो उभाच, त्याचं झाड झालं. ते झाड दाखवतात लोक.

ही कशी करायची? मी हॉलचे चार भाग करते. उजवीकडचे गायी, मधले शेळ्या, डावीकडचे मेंढ्या, मागचे कोंबड्या, नेहमी मागचे कोंबड्या कारण मागे टवाळ पोरं बसलेली असतात आणि त्यांना ते फार छान जमतं. श्रीमंती येते तेव्हा एक एक भाग सुरू करायचा, हात वर केला की आवाज मोठा, आणि एका क्षणी चारही चालू, काही ऐकू येत नाही इतका गोंगाट, लोक हसून हसून बेजार. त्या गोंगाटातच दारुड्याचं वाक्य ओरडा. मग ती चालायला लागते. तुम्ही हळूहळू चालत एकेका भागासमोरून जा आणि ज्याच्यासमोरून गेलात त्याने गप्प व्हायचं. गायी गप्प. शेळ्या गप्प. मेंढ्या गप्प. शेवटी फक्त मागच्या कोंबड्या राहतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला तुम्हाला अख्खा हॉल चालून जावं लागतं, त्या चालण्यात घाई करू नका. गेल्या वेळी शेवटची कोंबडी म्हणजे एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, सगळे थांबले तरी हा एकटा बारीक आवाजात पक् पक् करत होता, मी समोर जाऊन उभी राहिले तर माझ्याकडे बघून म्हणाला, थांबू? मी मान हलवली. थांबला. तेवढी शांतता मला कुठल्याही गाण्याने मिळाली नसती.

मग काठी घ्या, टेका, पाण्याकडे बघा, आणि मनात दहा मोजा. पाचला तुम्हाला वाटेल झालं, बास. दहा मोजा. काठी जाड घ्या, माझी पहिल्यांदा वाकायला लागली होती आणि मी पण तिच्यासोबत.

शेवटाला लुओ लोक 'थू तिंदा' म्हणतात आणि स्वतःसाठी मागणं मागतात, मामाच्या गावच्या उंच झाडाएवढी मी वाढू दे, अशा अर्थाचं. आपलं साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण असतं तसंच, गोष्टीतून बाहेर यायचं दार. हे म्हटल्याशिवाय खाली बसू नका, लोक त्या सरोवरातच राहतात. मैत्रिणीने सांगितलं की पूर्वी मुली रात्री म्हातारीच्या झोपडीत झोपायच्या, सिविंधे म्हणतात त्या झोपडीला, आणि तिथे या गोष्टी व्हायच्या, लग्न, नवरा, सवत, सगळं शिक्षण तिथेच. म्हणजे ही गोष्ट पोरींना सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवून सांगितली की न्यामगोंधोबद्दल फार कळवळा दाखवावासा वाटत नाही.

लुओंचीच अजून एक आहे, लुआंडा मागेरे, दगडाच्या अंगाचा योद्धा, ज्याचा जीव सावलीत, आणि शत्रूकडून आलेल्या बायकोला ते कळतं. टॉर्च आणि पांढरी भिंत असेल तर ही करा, औषध लावायला ती सावलीवर चरा मारते आणि रक्त येतं तो क्षण सावलीतच दाखवायचा. पण ही एकटीच पंधरा मिनिटं खाते, वरच्या एखादीच्या बदल्यात घ्या.

कपडे आणि सामान लवकर उरकते. तोंडाला काळं कधीही, कुणीही, कुठल्याही कारणाने फासायचं नाही. बिबट्याचे ठिपके नकोत, पिसं नकोत. मी साधा कुर्ता घालते आणि एक कांगा घेते. कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायकांचं ते छापील कापड, जोडीने मिळतं, आणि काठाजवळ स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते, कधी प्रेमाची, कधी शेजारणीला टोमणा. विकत घेताना वाचून घ्या, नाहीतर अंगावर भलतंच मिरवाल. आपल्याकडेही, भारतात, हे कापड छापून तिकडे जातं, म्हणजे तसं ते परकं नाहीच. तो एक कांगा जाळं होतो, पाणी होतो, डोक्यावर घेतला की बाई, खांद्यावर टाकला की दारुडा. बास, दुसरी प्रॉपर्टी नको, काठी सोडून.

वाद्य असेल तर उत्तम पण येत नसेल ते हातात घेऊन नाचवू नका. लुओंचं न्यातिती आठ तारांचं असतं, वाजवणारा पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं घालून लाकडावर ताल देतो आणि पायात घुंगरांसारखं वाजणारं काहीतरी बांधतो, त्याला 'गारा' म्हणतात, ते बघून मला वाटलं आपण चाळ बांधू, बांधले, आणि सगळं एकदम लावणीच्या अंगाने जायला लागलं. काढून टाकले. टाळी पुरते. माइक कॉलरचा मागा, हातातला घेऊन गाय करता येत नाही.

पाठ करू नका हे राहिलंच. कीर्तनकार आख्यान पाठ करत नाही, टप्पे धरतो, तसं करा, न्यामगोंधोचे माझे सहा टप्पे आहेत, जाळं, बाई, गायी, दारू, फाटक, पाणी. मधले शब्द रोज वेगळे येऊ देत. फक्त हाक, गाणं आणि फाटकावरचं वाक्य ही तीन ठिकाणं अगदी शब्दाला शब्द पक्की हवीत, कारण तिथे लोक तुमच्यावर विसंबून असतात.

शेवटची गोष्ट अशी घ्या जिला शेवटच नाही. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी असल्या कोड्याच्या गोष्टी आहेत. तिघांचं एकाच मुलीवर प्रेम. तिघे परदेशी असतात, एकाकडे आरसा, त्यात दिसतं की ती मेली. दुसऱ्याकडे क्षणात घरी नेणारी वस्तू. तिसऱ्याकडे औषध, ती उठून बसते. आता ती कुणाची? आपल्या वेताळाची आठवण येणारच, तिथेही तीन जण आणि मेलेली मुलगी आहे, पण तिथे विक्रम उत्तर देतो आणि वेताळ झाडावर जातो. इथे उत्तर देणारा कुणी नाही. सांगणारा प्रश्न टाकतो आणि बाजूला होतो, पुढचं भांडण लोकांचं.

बाजूला होणं जमलं पाहिजे. खरंच खुर्चीत जाऊन बसा. कुणी विचारलं 'मग खरं उत्तर काय' तर खांदे उडवा, पण माइक फिरता ठेवा आणि एकच नियम लावा की प्रत्येकाने आपल्या उत्तराचं कारण द्यायचं. आमच्याकडे पहिली दहा मिनिटं औषधवाला जिंकत होता, मग एका आजोबांनी आरशाची बाजू घेतली, म्हणाले, बाकीच्या दोघांना नुसती सामानाची किंमत, रोज आरशात तिला बघत कोण बसला होता? त्यावर त्यांच्याच बायकोने मागून सांगितलं की बघत बसणारा नवरा काय कामाचा, आणि एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं की तिला कुणी विचारलंय का. तिथून जे पेटलं ते जेवणाच्या रांगेत, मग पार्किंगमध्ये.

हॉल मात्र अर्धा तास जास्तीचा बुक करा. आमचा वॉचमन किल्ली घेऊन दारात उभा होता, वैतागलेला, कुणीतरी त्याला स्वाहिलीत गोष्ट समजावून सांगितली, तर तोही किल्ली खिशात टाकून आत आला आणि म्हणाला, नाही नाही, औषधवालाच.